क्वालिटीराइट्स तपासणी-संच: गुणांसाठी घेऊ नका, वॉर्डाकडे नीट बघण्यासाठी घ्या

मानसिक आरोग्य सेवेचा दर्जा कसा आहे आणि तिथे माणसाचे हक्क पाळले जातात का, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये काढलेला ‘क्वालिटीराइट्स’ हा तपासणी-संच फुकट आहे. संघटनेच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घ्यायचा, एवढंच. मनोरुग्णालय, जनरल हॉस्पिटलमधला मानसोपचार वॉर्ड, पुनर्वसन केंद्र, हाफ-वे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवास), डे केअर किंवा नुसती ओपीडी, यांपैकी कुठेही तो वापरता येतो. संस्थेने तो घ्यावा का? आमचं उत्तर हो असं आहे, पण ज्यांना भिंतीवर लावायला प्रमाणपत्र हवं आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. श्रेणी ही या संचातली सर्वांत कमी कामाची गोष्ट आहे. ती ठरवण्यासाठी शुभार्थी, शुभंकर, सिस्टर आणि डॉक्टर एका टेबलाभोवती बसतात आणि एकाच वॉर्डाबद्दल चार वेगळी उत्तरं समोर येतात. संचाची खरी किंमत त्या बैठकीत आहे.

(शुभार्थी म्हणजे मानसिक आजारासह जगणारी व्यक्ती आणि शुभंकर म्हणजे तिची काळजी घेणारं माणूस. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमुळे हे शब्द मराठीत रुळले. ‘रुग्ण’ आणि ‘नातेवाईक’ यांच्यापेक्षा ते या कामाला जास्त शोभतात, म्हणून इथे तेच वापरले आहेत.)

संचाचा पाया म्हणजे अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार. भारताने त्याला २००७ मध्ये मान्यता दिली. संचात पाच विषय आहेत: राहणीमान; शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याची चांगल्यात चांगली सेवा; स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क आणि व्यक्तिस्वातंत्र्य; छळ, हिंसा आणि गैरवर्तनापासून संरक्षण; आणि समाजात स्वतंत्रपणे राहणं. या पाचांखाली २५ मानकं आहेत आणि त्यांच्याखाली ११६ निकष. प्रत्येक निकषाला पूर्ण साध्य, अंशतः साध्य, सुरुवात झाली किंवा सुरुवातच नाही यांपैकी एक शेरा द्यायचा असतो. जिथे निकष बसतच नाही तिथे ‘लागू नाही’ लिहायचं. माहिती तीन वाटांनी गोळा होते: मुलाखती, प्रत्यक्ष पाहणी आणि कागदपत्रं. हातात दोन साधनं असतात, एक मुलाखतींसाठी आणि दुसरं पाहणी व दप्तरासाठी. शेवटी अहवालाचा नमुना.

नेहमीच्या तपासणीत खाटा मोजतात, अग्निशमनाची नळकांडी मोजतात, औषधसाठा बघतात. इथेही इमारत आणि स्वच्छता आहेच, पण प्रश्न वेगळ्या जागेवरून विचारला जातो. संडास आहेत का, एवढ्यावर भागत नाही. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, हे बघावं लागतं. कपडे पुरतात का याच्या पुढे जाऊन ते त्या माणसाचे स्वतःचे आहेत, की धुऊन आलेल्या ढिगातून हाताला लागेल तो झगा घालायचा, हे विचारावं लागतं. फोन आहे का, आणि असेल तर तो सिस्टरच्या टेबलावर सगळ्यांच्या कानांसमोर आहे का? चमचा मिळतो का? आरसा आहे का? ही यादी क्षुल्लक वाटेल, पण वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या माणसाला आपण अजून माणूस आहोत की नाही, हे याच गोष्टी रोज सांगत असतात.

चौथ्या विषयातलं दुसरं मानक जरा जवळून पाहू. कोंडून ठेवणं आणि बांधून ठेवणं यांऐवजी दुसरे उपाय वापरले जातात का, हे त्यात तपासायचं असतं. आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याचं कलम ९७ या बाबतीत स्पष्ट आहे. एकट्याला कोंडून ठेवायला मनाई. बांधायचं ते फक्त तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, जेवढा वेळ अगदी गरजेचं आहे तेवढाच, आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. कारण, पद्धत आणि कालावधी यांची नोंद हवी, नामनिर्देशित प्रतिनिधीला (शुभार्थीच्या वतीने नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायला हवं आणि दर महिन्याला पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे या कायद्याखाली शुभार्थींच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाकडे, अहवाल जायला हवा. माणसं कमी आहेत हे बांधण्याचं कारण होऊ शकत नाही, असंही कलमात लिहिलं आहे.

म्हणून समितीने वॉर्डाचं रजिस्टर मागावं आणि पानं सावकाश उलटावीत. बांधल्याची वेळ लिहिली आहे, सोडल्याची आहे का? कारणाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘आक्रमक’ एवढाच शब्द असेल, तर कुणी त्या माणसाशी आधी काय बोलून पाहिलं, हे कधीच लिहिलं गेलेलं नाही. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील तर त्या तपासणीच्या आदल्या दिवशी बसून भरलेल्या असण्याची शक्यता मोठी. नोंदींची वेळ रात्री आठ ते सकाळी सहा यातच दाटली असेल, तर प्रश्न शुभार्थींच्या आजाराचा कमी आणि रात्रपाळीच्या मनुष्यबळाचा जास्त आहे. आणि रजिस्टर कोरं असेल तर लगेच ‘पूर्ण साध्य’ लिहू नये. त्याच तारखांचे केसपेपर काढावेत आणि ‘एसओएस’ (गरज पडेल तेव्हा) म्हणून दिलेली, माणसाला शांत करणारी हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनची इंजेक्शनं मोजावीत. दोरी सुटली आणि तिची जागा सुईने घेतली, तर मानकाच्या दृष्टीने फरक पडलेला नाही. संच चांगला का, याचा पुरावा आम्हाला इथे दिसतो. मुलाखत, पाहणी आणि दप्तर या तिन्हींची तोंडं एकमेकांकडे वळवल्याशिवाय या निकषाला शेराच देता येत नाही.

आता खर्च. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि तो कमी धरला की सगळं बिघडतं. साधारण ६० खाटांच्या केंद्रासाठी सहा जणांची समिती पुरे. त्यात किमान दोन शुभार्थी, एक शुभंकर, एक मानसोपचाराची माहिती असलेली व्यक्ती, एक वकील किंवा हक्कांच्या कामातला कार्यकर्ता, आणि एक समाजकार्यातलं माणूस असावं. त्या केंद्रात नोकरी करणारा किंवा तिथे उपचार घेणारा कुणी समितीत नको. प्रशिक्षणाला पूर्ण दोन दिवस द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकच काल्पनिक मुलाखत ऐकून वेगवेगळे शेरे द्यायचे आणि मग ते का वेगळे पडले, यावर बोलायचं. हा सराव गाळला की ‘अंशतः साध्य’ आणि ‘सुरुवात झाली’ यांत प्रत्येकजण आपापली रेघ ओढतो.

मुलाखतींचा हिशेब असा: दहा शुभार्थी, पाच शुभंकर आणि पाच कर्मचारी अशा २० मुलाखती, प्रत्येकी पाऊण तास. म्हणजे १५ तास. दोघादोघांच्या दोन जोड्या केल्या तर जोडीला साडेसात तास, त्यामुळे एका दिवसात हे बसत नाही. तिसऱ्या जोडीने पाहणी आणि दप्तर बघायचं. दोन दिवस भेटीचे आणि तिसरा पूर्ण दिवस शेरे ठरवण्याचा, त्याच आठवड्यात. आठवडा गेला की आठवण पुसट होते आणि माणसं कागदावर लिहिलेल्या गुळगुळीत वाक्यांवर विसंबतात. एक भेट न सांगता आणि रात्री व्हायला हवी. दिवसाचा वॉर्ड आणि रात्रीचा वॉर्ड या दोन वेगळ्या संस्था असतात.

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मंजूर खाटा २,५४० आहेत, रत्नागिरीत ३६५. अशा ठिकाणी अख्ख्या रुग्णालयाला एक शेरा देण्यात काही अर्थ नाही. वॉर्ड निवडावेत: एक नव्याने भरती होणाऱ्यांचा, एक वर्षानुवर्षं राहिलेल्यांचा, एक स्त्रियांचा. प्रत्येकाचा अहवाल वेगळा लिहावा, नाहीतर चांगल्या वॉर्डाच्या पदराखाली वाईट वॉर्ड लपतो.

हे काम बहुतेक वेळा मुलाखतींत फसतं. ‘इथे कसं वाटतं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘बरं आहे.’ जिला उद्याही याच वॉर्डात राहायचं आहे ती बाई दुसरं काय सांगणार? इंग्रजी प्रश्नाचं जसंच्या तसं मराठी केलं तर आणखी पंचाईत. ‘तुम्हाला तुमची कायदेशीर क्षमता वापरता येते का?’ या प्रश्नाला वकीलही थबकेल. त्याऐवजी रोजच्या जगण्यातलं विचारावं. काल रात्री किती वाजता झोपलात? दिवा कोण घालवतं? आंघोळीला गरम पाणी शेवटचं कधी मिळालं? गोळी नको असं कधी म्हणालात का, आणि मग काय झालं? पेन्शनचं पासबुक कुणाकडे असतं? डॉक्टर राउंडला आल्यावर तुमच्याकडे बघून बोलतात की सिस्टरकडे? अशा प्रश्नांना ‘बरं आहे’ म्हणता येत नाही. भेटीच्या आधी ११६ निकषांसाठी असे मराठी प्रश्न लिहून काढायला तीन-चार बैठका लागतात. त्या द्याव्यात. विदर्भात किंवा कोकणात काम असेल तर तिथल्या माणसाने ते प्रश्न मोठ्याने वाचून, आपल्या बोलीत फिरवून घ्यावेत.

मुलाखतीला कोण बसणार, हे इन्चार्जने ठरवलं तर तब्येत सुधारलेले, बोलके, वॉर्डात मदत करणारे शुभार्थी समोर येतात. गप्प बसणारे आणि त्रासदायक म्हणून ओळखले जाणारे राहून जातात. हजेरीपटावरून दर सहावं नाव उचलावं. ज्याला बोलायचं नाही त्याचा नकार मान्य करावा आणि पुढचं नाव घ्यावं. खोलीचं दार बंद असावं, अंगात ॲप्रन नसावा, टेबलापलीकडे बसू नये. मुलाखतीत गंभीर गैरवर्तन कळलं तर समितीने काय करायचं, हेही आधीच लिहून ठेवावं: कुणाला सांगायचं, किती तासांत, आणि सांगणाऱ्या व्यक्तीवर सूड उगवला जाऊ नये म्हणून त्याच दिवशी काय करायचं. हे न ठरवता मुलाखती सुरू करणं आम्हाला बेजबाबदारपणाचं वाटतं. माणसाला बोलतं करायचं आणि मग त्याच वॉर्डात सोडून निघून जायचं, असं चालणार नाही.

शेऱ्यांचीही एक खोड सांगायला हवी. काही संस्था शेऱ्यांना आकडे देऊन सरासरी काढतात. संशोधनात त्याचा उपयोग होतो, पण संस्थेच्या बैठकीत ‘६८ टक्के’ हा आकडा आला की चर्चा तिथेच थांबते. छान रंगवलेल्या भिंतींचे गुण बांधून ठेवल्याचे गुण झाकून टाकतात. तसंच ‘लागू नाही’चं. डे केअर आणि ओपीडीत बरेच निकष खरोखरच लागू नसतात, पण ‘आमच्याकडे बांधत नाही, म्हणून लागू नाही’ हे चूक आहे. बांधत नसाल तर बांधण्याऐवजी काय करता, त्याची लेखी पद्धत दाखवा आणि शेरा घ्या. प्रत्येक ‘लागू नाही’समोर एका ओळीचं कारण लिहायची सक्ती केली तर अर्धे आपोआप गळतात.

नुसत्या तपासणीने सुधारणा होत नाही, हे गुजरातच्या अनुभवावरून चांगलं दिसतं. तिथे २०१४ पासून सरकारी मानसिक आरोग्य सेवांमध्ये हा कार्यक्रम राबवला गेला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र त्यात होतं. सहा ठिकाणी कार्यक्रम झाला, तीन ठिकाणी तुलनेसाठी झाला नाही, आणि मूल्यमापन २०१९ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्रीत प्रसिद्ध झालं. वर्षभरानंतर त्या सहा ठिकाणी सेवेचा दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन बदलला, शुभार्थींना जास्त समाधान आणि जास्त बळ वाटलं, शुभंकरांवरचं ओझं कमी झालं. पण तिथे नुसती तपासणी करून सोडून दिलं नव्हतं. कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक ठिकाणाची सुधारणा-योजना आणि शुभार्थींचा एकमेकांना आधार, हे सगळं जोडीला होतं. तपासणी करून अहवाल कपाटात ठेवणाऱ्या संस्थेने गुजरातचे निष्कर्ष आपल्याला लागू होतील अशी आशा धरू नये.

सुधारणा-योजना कशी करावी, याबद्दल आमचा आग्रह एकच आहे: कमी कामं, पण नावानिशी. २५ मानकांपैकी तीन उचला. त्यातलं एक असं घ्या की जे महिन्याभरात, वरच्या मंजुरीशिवाय होईल. संडासाच्या कड्या, स्वतःच्या कपड्यांसाठी नाव लिहिलेले कप्पे, फोनसाठी आडोसा. हे झालं की वॉर्डातल्या परिचरापासून शुभार्थीपर्यंत सगळ्यांना कळतं की यावेळी काहीतरी होणार आहे. दुसरं काम पद्धतीतलं असावं. उदाहरणार्थ, प्रत्येक वेळी कुणाला बांधलं किंवा एसओएस इंजेक्शन दिलं की ७२ तासांच्या आत वीस मिनिटांची बैठक. त्यात त्या पाळीची सिस्टर, परिचर, डॉक्टर, आणि तयार असेल तर तो शुभार्थी स्वतः. प्रश्न तीनच: त्याआधीच्या तासाभरात काय घडलं, कुठे वेगळं करता आलं असतं, पुढच्या वेळी कोण काय करेल? ‘चूक कुणाची’ हा प्रश्न या बैठकीत येऊ द्यायचा नाही. तो आला की पुढच्या आठवड्यापासून नोंदी कमी होतात आणि बांधणं तेवढंच राहतं. बैठक मेट्रनने किंवा अधीक्षकांनी चालवण्यापेक्षा दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टरने चालवलेली बरी. आणि ती ड्युटीच्या वेळेतच व्हावी. रात्रपाळी संपवून आलेल्या माणसाला बिनपगारी थांबवून आत्मपरीक्षण करायला लावणं अन्यायाचं आहे.

तिसरं काम लांब पल्ल्याचं. पाचवा विषय, म्हणजे समाजात राहणं, इथे बहुतेक संस्थांच्या कागदावर ‘सुरुवातच नाही’ची रांग लागते. कायद्याचं कलम १९ सांगतं की घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणासाठी कुणाला संस्थेत ठेवता येणार नाही. प्रत्यक्षात डिस्चार्ज अडतो तो आधार कार्ड, बँक खातं, राहण्याचा पत्ता, अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांवर. म्हणून योजनेत ‘पुनर्वसन वाढवणे’ असं न लिहिता अमुक वॉर्डातल्या अमुक जणांची ही चार कागदपत्रं, समाजसेवा अधीक्षकांकडे जबाबदारी, मुदत सहा महिने, असं लिहावं.

संचाच्या मर्यादा आहेत आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या. पहिली कायद्याची. करार आणि संच संमतीशिवाय उपचारांच्या बाबतीत आपल्या कायद्यापेक्षा पुढे जातात. आपल्या कलम ८९ मध्ये ठरावीक अटींवर ३० दिवसांपर्यंत ‘आधारासह भरती’, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून भरती, करता येते. त्यामुळे कायदा तंतोतंत पाळूनही तिसऱ्या विषयात शेरा खाली येतो आणि डॉक्टर दुखावतात. उपाय सोपा आहे: त्या निकषांसमोर दोन रकाने करावेत, ‘कायद्याप्रमाणे’ आणि ‘मानकाप्रमाणे’. पहिला रकाना आज भरून निघायलाच हवा, दुसऱ्याकडे कसं जायचं यावर बोलावं. कलम ५ खालचे आगाऊ निर्देश हा त्या दिशेचा उत्तम पूल आहे. आजारात माझ्यावर काय उपचार व्हावेत आणि काय होऊ नयेत, हे माणूस बरा असताना लिहून ठेवतो. डिस्चार्जच्या आधी प्रत्येकाला त्याबद्दल समजावून सांगितलं जातं का, हा प्रश्न आम्ही संचाला जोडून घेऊ.

दुसरी मर्यादा जास्त खुपते. कर्मचाऱ्यांकडे पुरेसं कौशल्य आहे का, हे संच विचारतो, पण त्यांच्यावर किती ओझं आहे, मारहाण झाल्यावर त्यांना कोण सावरतं, सलग किती रात्रपाळ्या लागतात, हे जवळपास विचारत नाही. ज्या परिचराशी कुणी आदराने बोलत नाही, त्याने शुभार्थीशी आदराने बोलावं ही अपेक्षा टिकणारी नाही. पाच कर्मचाऱ्यांच्या मुलाखतीत हे प्रश्न आपले आपण घालावेत आणि उत्तरांना अहवालात स्वतंत्र पान द्यावं. संचात त्यासाठी रकाना नाही म्हणून ते गाळू नये.

लहान मुलांच्या आणि किशोरांच्या वॉर्डासाठी निकष बरेच ताणावे लागतात. तिथे आम्ही एवढ्यावरच विसंबणार नाही.

संचासोबत काय घ्यावं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रशिक्षणाची पुस्तकं काढली. मानवी हक्क, मानसिक आरोग्य आणि अपंगत्व, पूर्ववत जगण्याकडे वाटचाल, निर्णयाचा हक्क, सक्ती आणि हिंसेपासून मुक्ती असे त्यांचे मूळ विषय, आणि कोंडणं-बांधणं थांबवण्याच्या उपायांवर वेगळा भाग. तीही फुकट. २०२२ पासून ऑनलाइन प्रशिक्षणही जगभर खुलं आहे. डॉक्टर आणि समाजकार्यकर्त्यांना ते पुरतं. परिचर आणि सफाई कर्मचाऱ्यांसाठी मात्र स्क्रीनसमोर बसवण्यापेक्षा वॉर्डातच, मराठीतून, अर्ध्या-अर्ध्या तासाची सत्रं घ्यावीत. शुभार्थींशी दिवसभरात सर्वांत जास्त बोलणारी माणसं तीच असतात, आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचंच नाव राहून जातं.

पुन्हा तपासणी बारा महिन्यांनी करावी, त्याच वॉर्डात, त्याच मराठी प्रश्नांनी. समितीतले निम्मे लोक जुने असावेत, निम्मे नवे. मधल्या सहाव्या महिन्यात फक्त निवडलेल्या तीन मानकांची एका दिवसाची फेरी पुरते, आणि ती रात्री आठनंतर सुरू करावी.